नाळेतला पारा

मूल जन्मले की आपल्याकडे नाळ पुरतात. जपानात तसे करत नाहीत. नाळेचा तुकडा वाळवून, लाकडाच्या चिमुकल्या डबीत घालून, वर बाळाचे नाव नि जन्मतारीख लिहून आई ती डबी कपाटात जपून ठेवते. क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे किनाऱ्यालगतचे गाव आहे. तिथल्या कोळ्यांच्या घरांतूनही अशा डब्या होत्या. कुमामोतो विद्यापीठातले डॉ. मासाझुमी हारादा यांनी त्या आयांकडून मागून घेतल्या. आत वाळून दोरीसारख्या झालेल्या नाळांत पारा किती आहे, हे मोजले गेले आणि १९७५ साली ते आकडे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जन्मसालाप्रमाणे नाळा ओळीने मांडल्या, तर त्यांतला पारा गावच्या रासायनिक कारखान्यातल्या उत्पादनाबरोबर चढत गेलेला दिसत होता.

मी तेहतीस वर्षे बँकेत काढली. दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता लिहिलेल्या दोन वह्या जुळल्या, की तपासनीस पेन खाली ठेवतो. इथे एक वही कारखान्याची होती. दुसरी, आपण काही हिशेब लिहितो आहोत याची कल्पनाही नसलेल्या आयांनी कपाटात ठेवलेली होती.

मिनामाताची हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. पण त्या हकिकतीत एक पात्र डोळ्यांना न दिसणारे आहे आणि त्याचा खरा वेध घ्यायला विद्यापीठांना पुढची पन्नासएक वर्षे लागली. ते पात्र म्हणजे समुद्राच्या गाळातले सूक्ष्मजीव. आजकाल दर दोन-तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात कुठे तरी चौकट असते: प्रदूषण खाऊन टाकणारा जंतू सापडला, आता समुद्र आपोआप साफ होणार. ही चौकट वाचून निवांत चहा पिणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे, असे म्हटले तरी चालेल.

आधी गाव. कारखाना चिस्सो या कंपनीचा, १९०८ साली सुरू झालेला. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनू लागले. ते बनवायला पाऱ्याचा क्षार लागे, तोही उत्प्रेरक म्हणून, म्हणजे दोघांचे लग्न लावून देऊन स्वतः मोकळ्या राहणाऱ्या भटजीसारखा. परंतु कारखान्यातला हा भटजी थोडा थोडा सांडपाण्याबरोबर वाहून जात होता आणि ते सांडपाणी गावच्या उपसागरात सोडलेले होते. १९५४ साली स्थानिक वर्तमानपत्रात एक गमतीदार वाटावी अशी बातमी आली. कोळीवस्तीतली मांजरे वेड्यासारखी नाचून मरत होती आणि त्यामुळे उंदीर माजले होते. मे १९५६ मध्ये कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सरकारी आरोग्य कचेरीला कळवले, की मेंदूच्या एका अनोळखी आजाराचे रुग्ण येत आहेत आणि त्यांत लहान मुले आहेत. घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, बोलणे अडखळत होते, नजर नळीतून पाहावे तशी अरुंद होत चालली होती. संसर्ग समजून घरांवर औषधे फवारली गेली. शेजारपाजार तुटला तो त्याच दिवसांत.

ऑगस्ट १९५६ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने अभ्यासगट नेमला. संसर्ग नव्हे, मासळीतून होणारी धातूची विषबाधा आहे, इथवर ते लवकर पोचले. पण धातू कुठला? मँगनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकेकावर संशय घेऊन झाला. वाट दाखवली ती एका जुन्या निबंधाने. १९४० साली हंटर, बॉमफर्ड आणि रसेल या इंग्रज डॉक्टरांनी बियाण्याला लावायचे पाऱ्याचे औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या चार कामगारांचे वर्णन केले होते. त्या कामगारांची लक्षणे आणि मिनामाताच्या कोळ्यांची लक्षणे एकच होती. जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाच्या गटाने जाहीर केले, की हे सेंद्रिय पाऱ्याचे विष आहे. सांडपाणी जिथे उपसागरात पडत होते तिथल्या गाळात टनामागे सुमारे दोन किलो पारा निघाला. खाण म्हणून चालवावी, इतका तो होता.

कंपनीने मानले नाही. त्याच सुमारास डॉ. होसोकावा आपल्या परीने प्रयोग करत होते. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी त्यांनी एका मांजराच्या खाण्यात कालवले. प्रयोगवहीतले ते चारशेवे मांजर. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते नाचू लागले. कंपनीने पुढचे प्रयोग थांबवले आणि निष्कर्ष दडवून ठेवला. मग ३० डिसेंबर १९५९ रोजी पीडितांशी करार झाला. मृतामागे तीन लाख येन, हयात प्रौढ रुग्णाला वर्षाला एक लाख, मुलाला तीस हजार. या रकमेला भरपाई न म्हणता सहानुभूतीची रक्कम म्हटले होते. आणि त्यात एक कलम होते: पुढेमागे कारखान्याचे सांडपाणीच कारण ठरले, तरी पीडितांनी जादा काही मागायचे नाही.

कराराची कलमे वाचणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वर जाऊन तारीख पाहिली. चारशेवे मांजर ऑक्टोबरातले, करार डिसेंबरातला. ज्याला काहीच माहीत नाही, तो असे कलम घालत नाही. १९७३ साली कुमामोतोच्या न्यायालयाने ते कलम सार्वजनिक नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवले. पण त्या मधल्या काळात कारखाना तसाच चालला. पारा टाकणारा तो विभाग बंद झाला मे १९६८ मध्ये आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे विद्यापीठाने सांगितल्यानंतर नऊ वर्षांनी.

हारादा या कथेत आले १९६१ साली, तरुण डॉक्टर म्हणून. एका घरासमोर दोन भाऊ खेळत होते, दोघांनाही सारखीच लक्षणे. आईने सांगितले, की थोरल्याला मिनामाताचा आजार आहे, धाकट्याला मात्र डॉक्टर जन्मजात मेंदूचा पक्षाघात म्हणतात, कारण त्याने मासे कधी खाल्लेच नाहीत. तिचे म्हणणे वेगळे होते. मासे मी खाल्ले, विष त्याने घेतले. त्या काळचे वैद्यकशास्त्र सांगत होते, की वार विषाला अडवते, पोटातल्या बाळाला काही होत नाही. हारादांनी पुस्तकापेक्षा बाईवर विश्वास ठेवला. १९६२ साली अशा सोळा मुलांचा आजार जन्मापूर्वीच्या पारदविषबाधेचा असल्याचे मान्य झाले. पुष्कळ आयांची स्वतःची लक्षणे त्या मानाने सौम्य होती. आईच्या अंगातला पारा मुलाने ओढून घेतला होता. हारादांना डब्यांतल्या नाळा आठवल्या त्या यानंतर.

(याच गावच्या मिचिको इशिमुरे या गृहिणीने या माणसांवर लिहिलेले पुस्तक १९६९ साली आले. रुग्णांच्या तोंडून बोलणारे ते पुस्तक वाचल्यावर आपण कादंबऱ्या लिहितो म्हणजे नेमके काय करतो, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. असो.)

कंपनीचा एक आक्षेप मात्र नुसता कांगावा नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही वापरतो तो असेंद्रिय पारा, कोळ्यांच्या मेंदूत सापडतो तो सेंद्रिय, म्हणजे मिथिल पारा. एकाचे दुसरे कसे झाले ते सांगा. हा फरक साधा नाही. तापमापकातला पारा चुकून गिळला गेला तर बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो. पण पाऱ्याला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांची मिथिल नावाची शेपटी चिकटली, की त्याचा स्वभावच पालटतो. तो मांसातल्या प्रथिनांना धरून बसतो. उकळा, तळा, उन्हात वाळवा, तो जात नाही. आतड्यातून तो जवळजवळ सगळा रक्तात शिरतो आणि एका अमिनो आम्लाचा वेष घेऊन मेंदूच्या आणि वारेच्या पहाऱ्यातून बिनदिक्कत आत जातो. त्याला ही शेपटी लावली कोणी?

मिनामातापुरते उत्तर कुमामोतो विद्यापीठातल्याच प्रा. कात्सुरो इरुकायामा यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी शोधले. कारखान्याच्या आतल्या गाळातच मिथिल पारा होता. शेपटी यंत्रातच लागत होती. पण मग स्वीडनमधून वेगळेच कळू लागले. तिथल्या तळ्यांतल्या मोठ्या माशांत मिथिल पारा निघत होता, आणि आसपासच्या कारखान्यांतून तर साधा पारा जात होता. येन्सेन आणि येर्नेलॉव या दोघा संशोधकांनी १९६९ साली दाखवून दिले, की तळ्याच्या गाळात साधा पारा घालून ठेवला तर त्यात मिथिल पारा तयार होतो. गाळ उकळून निर्जंतुक केला, तर होत नाही. म्हणजे हे गाळातल्या जिवंत कोणाचे तरी काम होते.

हा कोणी आपल्या नाकाच्या ओळखीचा आहे. ओहोटीच्या वेळी लोकल वाशीच्या पुलावरून जाऊ लागली, की सडक्या अंड्यासारखा वास डब्यात शिरतो आणि खिडकीतला माणूस रुमाल काढतो. खाडीच्या काळ्या गाळात काही मिलिमीटर खाली प्राणवायू संपतो. तिथे राहणारे सूक्ष्मजीव श्वासासाठी प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात आणि उच्छ्वासावाटे तो वासाचा वायू सोडतात. अब्जावधी वर्षांचा त्यांचा हा संसार आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात कॉम्पो आणि बार्था यांनी १९८५ साली सिद्ध केले, की खाडीच्या गाळात पाऱ्याला शेपटी लावण्याचे मुख्य काम याच मंडळींचे आहे. सगळ्यांचे मात्र नव्हे. एकाच कुळातला एक जंतू ते करतो, त्याचा सख्खा चुलतभाऊ करत नाही. का, हे कळायला आणखी अठ्ठावीस वर्षे गेली.

२०१३ साली ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि मिझुरी व टेनेसी विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला. चेसापीक उपसागराच्या गाळातला एक जंतू त्यांनी घेतला. कोडे सगळे दोन जनुकांत होते आणि त्या जनुकांवरून घडणाऱ्या दोन प्रथिनांत. प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ नि अंडी आठवतात. पण पेशीच्या दृष्टीने प्रथिन म्हणजे हत्यार: सांडशी, करवत, किल्ली, जे काम असेल ते. इथले पहिले प्रथिन, एचजीसी-ए, ही सांडशी आहे. तिच्या तोंडाशी ब-१२ जीवनसत्त्वाच्या जातीचा कोबाल्टचा रेणू असतो. त्यात मिथिलची शेपटी धरून ती पाऱ्याला लावते. दुसरे प्रथिन, एचजीसी-बी, त्या सांडशीला पुढच्या खेपेसाठी इलेक्ट्रॉन पुरवते. दोहोंपैकी एकाचे जनुक काढून टाकले, की जंतू मजेत जगतो, पण मिथिल पारा बनवणे थांबते. जनुक परत घातले, की पुन्हा सुरू. इतकी स्वच्छ साक्ष न्यायालयातसुद्धा क्वचित मिळते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुमामोतो इथे देशोदेशींच्या प्रतिनिधींनी पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या केल्या. त्याला नाव दिले मिनामाता करार. तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमलात आला. भारताने त्याला २०१८ च्या जूनमध्ये मान्यता दिली.

आता त्या चौकटीतल्या जंतूकडे येतो, कारण तोही खोटा नाही. शेपटी लावणारे आहेत तसे ती तोडणारेही आहेत. त्यांच्याकडे प्रथिनांचा एक संच असतो आणि मर्क्युरीवरून शास्त्रज्ञ त्या संचाला ‘मर’ म्हणतात. मराठी माणसाला हे नाव ऐकून दचकायला होते, पण त्याला इलाज नाही. त्यातले मर-आर हे पहारेकरी. डीएनएच्या धाग्यावर ते बसून असते. पाऱ्याचा एक अणू जरी येऊन चिकटला, तरी ते धाग्याला पीळ देते आणि बाकीच्या प्रथिनांची जनुके उघडी होतात. मर-बी ही करवत. ती कार्बन आणि पारा यांमधला जोड कापते. मग मर-ए त्या मोकळ्या पाऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा साधा धातू बनवते. साधा पारा बाष्परूपाने उडून जातो आणि जंतू सुखाने नांदू लागतो. खुद्द मिनामाताच्या उपसागराच्या गाळातून असा एक बॅसिलस जंतू जपानी संशोधकांनी वेगळा काढला आहे. त्याच्याकडे करवती एक सोडून तीन निघाल्या. आणि जवळपास तसाच जनुकसंच अमेरिकेतल्या बॉस्टन बंदराच्या गाळातल्या जंतूतही मिळाला. माणसाने जिथे जिथे पारा ओतला, तिथे तिथे हे कारागीर हत्यारे परजून बसले आहेत.

गोव्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी माझी एक भाची आहे. मागे तिच्याकडे उतरलो असताना मी मोठ्या उत्साहाने तिला या कारागिरांचे कौतुक सांगू लागलो. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतले आणि म्हणाली, “मामा, तो काही समुद्र साफ करायला बसलेला नाही हो. तो स्वतःचा जीव वाचवतो. घरात आलेला कचरा शेजारच्या अंगणात टाकतो, एवढेच.”

मला एकदम बँक आठवली. कर्ज बुडीत निघाले की बँक ते निर्लेखित करते. वर्तमानपत्रात बातमी येते, इतके हजार कोटी निर्लेखित, आणि लोकांना वाटते माफ झाले. माफ काही झालेले नसते. ते एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले असते आणि कोणाच्या तरी डोक्यावर कायम असते. जंतू पाऱ्याचे नेमके हेच करतो. तेल हा कार्बनचा पदार्थ आहे, ते खाणारा जंतू त्याचा खरोखर निकाल लावतो. पारा हे मूलद्रव्य आहे. त्याला कोणी पचवू शकत नाही. हवेत गेलेला पारा वाऱ्याबरोबर हिंडतो, पावसाबरोबर कुठल्या तरी दुसऱ्या पाण्यात उतरतो, तिथल्या गाळात जातो आणि तिथे सांडशीवाले वाट पाहत असतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पारा सदैव उचंत खात्यात.

या प्रथिनांचा उपयोगच नाही, असे मात्र नव्हे. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथल्या संशोधकांनी २०००च्या सुमारास अशा जंतूंनी भरलेल्या टाकीतून कारखान्याचे सांडपाणी सोडले. जंतूंनी त्यातला पारा धातुरूप केला आणि तो बारीक थेंबांच्या रूपाने टाकीतच अडकला. तो काढून घेता आला. यातली महत्त्वाची गोष्ट जंतू नव्हेच, टाकी आहे. हे कारखान्याच्या नळाशी जमते. उपसागराला टाकी करता येत नाही. मिनामातात शेवटी काय केले? १९७४ साली उपसागराच्या तोंडाशी जाळे लावून मासे आत कोंडले. १९७७ पासून १९९० पर्यंत सर्वांत विषारी गाळ उपसला, कडेला भराव घालून पुरला आणि वर माती टाकून ५८ हेक्टर नवी जमीन केली. जाळे निघाले १९९७ साली. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांची संख्या दोन हजार दोनशेहून थोडी अधिक आहे. त्यांच्याखेरीज हजारो लोकांना पुढच्या तडजोडींत काही ना काही मिळाले. ५८ हेक्टरांखालच्या गाळात जंतूही असतील आणि त्यांच्या करवतीही. त्यांच्या भरवशावर कोणी थांबले नाही.

आपल्या किनाऱ्याविषयीही भाचीनेच मला एक निबंध वाचायला दिला. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एन. रमैया आणि जयशंकर डे यांचा, २००३ साली छापलेला. भारताच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात आणि गाळात पारा सोसणारे जंतू १९९७ पर्यंत जवळजवळ मिळत नव्हते. नंतरच्या तीन-चार वर्षांत मात्र ते झपाट्याने वाढलेले दिसले. हे वाचून आनंद मानायचा की काळजी करायची? पहारेकरी वाढले याचा अर्थ चोऱ्या वाढल्या. शिवाय पारा सोसण्याची जनुके पुष्कळदा एकटी हिंडत नाहीत. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके त्यांच्याबरोबर एकाच गाठोड्यात बांधलेली असतात, आणि जंतू अशी गाठोडी एकमेकांना देतात-घेतात. जॉर्जिया विद्यापीठातल्या ॲन समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले होते, की माकडांच्या दातांत पाऱ्याचे मिश्रण भरले, तर त्यांच्या तोंडातले आणि आतड्यातले जंतू पाऱ्याबरोबर औषधांनाही दाद देईनासे होतात. पाऱ्याला तोंड द्यायला शिकलेला जंतू आपल्या न्युमोनियाच्या गोळीलाही शिकून बसलेला असू शकतो.

मुंबईकरांना हे लांबचे वाटू नये. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर झिंगडे आणि देसाई या समुद्रविज्ञान संस्थेतल्याच संशोधकांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला आहे. कॉस्टिक सोडा बनवण्याची जुनी पद्धत पाऱ्याच्या घटांची होती. पुढे आपल्याकडचे कारखाने पारा न लागणाऱ्या पडद्याच्या पद्धतीकडे वळले, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. पण आधी गेलेला पारा गाळात आहे. १९८०च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका शाखेत मी कर्जविभागात होतो. उद्योजकांचे प्रकल्प अहवाल टेबलावर येत. यंत्रसामग्रीला दहा-बारा पाने, बाजारपेठेला सहा, आणि ‘सांडपाण्याची विल्हेवाट’ या मथळ्याखाली अर्धी ओळ: नजीकच्या खाडीत. रसायने बनवणारा असो की रंग बनवणारा, ती अर्धी ओळ सगळ्यांची तीच. एकाच टंकलेखकाने सगळ्यांना टाइप करून दिली असावी, इतकी तीच.

मासे खायचे की नाही, हा प्रश्न इथवर वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात आला असणार. खायचे. गरोदर बाईनेही खायचे, कारण बाळाच्या मेंदूला मासळीतली चरबी उपयोगी असते. हिशेब फक्त माशाच्या आकाराचा आणि वयाचा ठेवायचा. लहान माशातला पारा मोठ्यात साठतो, मोठ्यातला त्याहून मोठ्यात, आणि वरच्या टोकाला पोचेपर्यंत पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट होतो. तारली, मांदेली अशी लहान, थोडक्या आयुष्याची मासळी या बाबतीत सर्वांत निर्धोक. अमेरिकेतले अन्न प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क आणि तलवारमासा टाळायला सांगते. कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालतात, आणि मुशी ही शार्कच. माझ्या आईने माझ्या बायकोला दोन्ही बाळंतपणांत ती आग्रहाने खाऊ घातली होती. हातभर लांबीची कोवळी मुशी वेगळी आणि वर्षानुवर्षे वाढलेला पुरुषभर शार्क वेगळा, हे मासळीबाजारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी ध्यानात ठेवले, म्हणजे झाले. अंगात गेलेला मिथिल पाराही कायमचा राहत नाही. साधारण दोन महिन्यांत निम्मा बाहेर पडतो. अट एवढीच, की रोज नवा भरणा होता कामा नये.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीने मला तिची प्रयोगशाळा दाखवली. पारा उडवून लावणारा जंतू ओळखायची एक युक्ती आहे, जपानी संशोधकांनी १९८८ साली सोपी करून सांगितलेली. ताटलीच्या छोट्या छोट्या खळग्यांत जंतू आणि पाऱ्याचा क्षार घालतात, वर क्ष-किरणांची कोरी फिल्म झाकतात आणि अंधाराच्या खोलीत ठेवून देतात. ज्या खळग्यातला जंतू पारा उडवतो, तिथे फिल्म काळी पडते. भाचीने एक धुतलेली फिल्म उजेडासमोर धरली. खाडीच्या गाळातून आणलेले जंतू होते. ओळीने डाग होते, काही फिकट, काही दाट, कोपऱ्यातले दोन तर शाई सांडावी तसे.

“हे दोन कुठले?” मी विचारले.

“ते जेटीजवळचे,” ती म्हणाली. “मामा, हात लावला असेल तर धुऊन घ्या हं. साबण तिकडे आहे.”